हेल्मेटबद्दल धन्यवाद

भोरमध्ये स्कूटरवर हेल्मेट घालून निघालेला माणूस एक तर पुण्याला चाललेला असतो, नाहीतर त्याला तोंड लपवायचं असतं. गंगाधर आपटे पुण्याला चालले नव्हते. तरीही ते कापूरहोळला गेले, हायवेच्या कडेच्या दुकानातून काळ्या काचेची हेल्मेटं घेतली, एक सोडून दोन, आणि घरी आणून दिवाणाच्या पोटात गोधड्यांखाली दडवली.

गंगाधरराव मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. भोर आणि वेल्ह्यातले बांध मोजण्यात सगळी नोकरी गेली, त्यामुळे सरळ रेषेवर त्यांचा फार जीव. भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं दिसलं तर दुसऱ्याच्या घरातसुद्धा उठून सरळ करायचे. कुणी आडवी गाडी लावली की दारात उभं राहून त्याला चार शब्द सुनवायचे. असा माणूस साठी उलटल्यावर पहिल्यांदाच चोरून काहीतरी करत होता, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते अजिबात जमत नव्हतं.

वास्तविक चोरण्यासारखं त्यात काही नव्हतं. नलिनी जोग, म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या नलू सिस्टर, निवृत्त होऊन चौकापलीकडच्या गल्लीत एकट्याच राहायच्या. त्यांनी लग्न केलेलं नव्हतं. गंगाधररावांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. रक्तदाब मोजून घ्यायचा म्हणून ते नलूबाईंकडे जाऊ लागले, आणि मग रक्तदाब ठीक असला तरी जाऊ लागले. आता रोज सकाळी अकराच्या सुमाराला दोघं स्कूटरवरून भाटघरला जायची, धरणाजवळच्या टपरीवर चहा प्यायची आणि जेवायच्या वेळेला परत यायची. भोरमध्ये बसून चहा प्यायची सोय नव्हती. इथं दोघांनी मिळून चहा घेतला की त्यात साखर किती होती ते संध्याकाळपर्यंत सगळ्या पेठेला ठाऊक होतं.

लग्न करायचं दोघांत ठरलं होतं. नलूबाईंची अट एकच, आधी चैत्रालीला सांगायचं. "मी चोरून कधी इंजेक्शनसुद्धा दिलं नाही," त्या म्हणाल्या होत्या. "तुमच्या लेकीला सांगा, मग तारीख काढू."

"सांगतो," गंगाधरराव म्हणाले होते. ते म्हणाले तेव्हा आंबे चालू होते. आता बाजारात सीताफळं आली होती.

चैत्राली ही त्यांची एकुलती एक मुलगी, पुण्यातल्या एका कंपनीत इंजिनिअर. चौकातल्या गाड्या कॅमेऱ्यानं मोजायच्या आणि त्या आकड्यांवरून सिग्नलला शहाणं करायचं, हा तिचा उद्योग. कंपनीला प्रयोग करायला एखादं लहान गाव हवं होतं, आणि हिनं हौसेनं आपलं भोर सुचवलं. दोन महिन्यांपूर्वी बॅग घेऊन ती दारात उभी राहिली. "बाबा, काम संपेपर्यंत मी आता इथंच!" गंगाधररावांना भरून आलं, आणि त्याच दमात त्यांना अकराची भाटघरची फेरीही आठवली.

एसटी स्टँडजवळच्या चौकात खांब उभे राहिले, खांबांवर कॅमेरे बसले. गंगाधरराव मात्र निर्धास्त होते. सरकारी नळाला उद्घाटनाआधी पाणी आलेलं त्यांनी उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं. फीत कापल्याशिवाय कॅमेरा बघायला लागेलच कसा? तेव्हा रोज अकराला ते त्या आंधळ्या कॅमेऱ्यांखालून उघड्या डोक्यानं, नलूबाईंना मागं बसवून, गप्पा मारत खुशाल भाटघरला जात राहिले. लेकीला सांगायचे, "वाचनालयात जाऊन येतो."

मग उद्घाटन झालं. झेंडूच्या माळा लागल्या, नारळ फुटला, भाषणं झाली. फीत कापल्याबरोबर गंगाधररावांच्या तोंडचं पाणी पळालं, कारण आता त्यांच्या मते कॅमेऱ्याला डोळे फुटले होते. दुसऱ्याच दिवशी ते कापूरहोळला जाऊन हेल्मेटं घेऊन आले.

सिग्नल होता मात्र हुशार. ज्या रस्त्यावर गाड्या जास्त त्याला हिरवा आधी, असा त्याचा साधा न्याय. हा न्याय चैत्रालीनं पालिकेच्या लोकांना पडद्यावर चित्रं दाखवून समजावला, तरी त्यांच्या डोक्यात शिरला नाही. विंझरचा टेम्पोवाला पप्पू होता, त्याच्या तो पहिल्याच दिवशी ध्यानात आला. तो चौकाच्या अलीकडं टेम्पो थांबवून मागच्यांना हाका मारायचा, "या रं या, आजून दोघं-चौघं या! येकटं गेलं की मशीन इच्यारत न्हाई. बिगीबिगी या, मंग लगीच हिरवा!" शेजारच्या रस्त्यावरची माणसं कशाला मागं राहतील? त्यांनी दुकानांपुढं उभ्या असलेल्या मोटरसायकली ढकलत आणून रांगेत लावल्या. दोन्हीकडं संख्या वाढवायची चुरस लागली. चैत्राली पालिकेनं दिलेल्या खोलीत लॅपटॉपपुढं बसून फोनवर म्हणायची, "बाबा, एवढ्या गाड्या भोरमध्ये आल्या कुठून?"

चौकात एक मोठा दिव्यांचा फलकही होता. हेल्मेट नसलेल्यांना नावं ठेवायला तो लावायचा असं कंपनीचं म्हणणं. गंगाधररावांनी एकदा जेवताना लेकीला सल्ला दिला होता, "माणसाला चारचौघांत बोल लावू नये. नीट वागणाऱ्याला शाबासकी द्यावी. बघ, आपोआप सुधारतील." लेकीला ते पटलं. त्यामुळं फलक कुणालाही रागवत नव्हता. हेल्मेट घातलेला दिसला की तो धन्यवाद म्हणणार होता. पण भोरमध्ये हेल्मेट घालणार कोण? चार दिवस फलक काळाठिक्कर राहिला. चैत्रालीचा चेहरा उतरला. असंच चाललं तर कंपनी प्रयोग गुंडाळणार, असं ती म्हणाली.

चार दिवस काही ना काही सबब सांगून भाटघर टाळल्यावर पाचव्या दिवशी अकरा वाजता गंगाधररावांनी नलूबाईंच्या दारात स्कूटर लावली आणि हेल्मेट पुढं केलं.

"हे कशाला?" नलूबाईंनी विचारलं.

"नियम आहे."

"नियम तर केव्हाचा आहे. आजच कसा आठवला?"

"घाला हो," गंगाधरराव कासावीस होऊन म्हणाले. नलूबाईंनी त्यांच्याकडं एकदा नीट बघितलं, पण हेल्मेट घातलं.

दोघं चौकात आली तर सिग्नल लाल. आठवडी बाजाराचा दिवस, इतर तिन्ही रस्ते तुडुंब भरलेले. यांच्या रस्त्यावर यांची एकटी स्कूटर. मशीनच्या न्यायानं यांना इतक्यात हिरवा मिळायचा नव्हता. काळ्या काचेमागं गंगाधररावांना घाम फुटला होता, तरी मनातून ते खूश होते. आता कुणाच्या बापाला कळणार नाही आपण कोण ते.

तेवढ्यात फलक उजळला. आधी चार दिव्यांची फुलं फुलली. मग 'एमएच बारा' पासून सुरू होणारा त्यांच्या स्कूटरचा अख्खा नंबर हातभर आकड्यांत आला, आणि त्याखाली अक्षरं सरकू लागली: 'दोघांनीही हेल्मेट घातल्याबद्दल मनःपूर्वक धन्यवाद!' नंबर टाकायची कल्पना चैत्रालीची होती. नुसतं धन्यवाद म्हटलं तर ते कुणाला म्हटलं हे कसं कळणार, असा तिचा रास्त विचार.

कोपऱ्यावरचे किराणा दुकानदार आनंदराव गल्ल्यावरून उठून बाहेर आले. आपट्यांच्या स्कूटरचा नंबर त्यांना स्वतःच्या मोबाईलच्या नंबरापेक्षा जास्त पाठ होता, कारण दुकानापुढं कुणाची गाडी आडवी नाही ना, हे बघायला आपटे दर दोन दिवसांनी त्याच स्कूटरवरून यायचे.

"अहो आपटे!" आनंदराव ओरडले. "अभिनंदन! भोरमध्ये पहिला नंबर तुमचा! पण दोघं म्हणजे? दुसरं कोण?"

गंगाधररावांनी नजर सिग्नलवर रोवली. सिग्नल लालच. पलीकडून पप्पूनं हे पाहिलं आणि त्याला काकांची दया आली. "काका, येकटं हाय म्हून मशीन सोडंना तुमाला! थांबा, आमी येतो!" टेम्पो वळवून तो यांच्या मागं येऊन उभा राहिला. त्याच्या मागं दुधाच्या मोटरसायकली आल्या, त्यांच्या मागं एक रिक्षा, मग आणखी कोण कोण. जो येई तो आधी फलक वाची, मग मागं बसलेल्या बाईंकडं मान वाकडी करून बघे. माणसं चांगली होती. मदतीलाच आली होती.

डोंगरातल्या वाडीवरून दोन शेळ्या विकायला आणलेली भामाबाई दोरी धरून कडेला उभी होती. तिनं नलूबाईंच्या मनगटाकडं बोट केलं. "अगं बया! ह्या तर आपल्या नलू सिष्टर! घड्याळ बगा की, आतल्या अंगाला बांदलंय. माजी समदी बाळंतपणं ह्येंच्याच हातची. व्हय ना वो सिष्टर?"

"सिस्टर आहेत का मागं?" आनंदरावांनी आनंदानं विचारलं.

"नाही नाही!" हेल्मेटच्या आतून गंगाधररावांचा आवाज घुमला. "पाहुण्या आहेत. पुण्याच्या पाहुण्या."

बोलून गेल्यावर त्यांना कळलं आपण काय बोललो ते. मागची सीट हलकी झाली. नलूबाई खाली उतरल्या. त्यांनी भर चौकात हेल्मेट काढलं, केस सारखे केले, हेल्मेट गंगाधररावांच्या हातात दिलं आणि एवढंच म्हणाल्या, "पुण्याच्या?"

मग त्या झेब्रा पट्ट्यांवरून आपल्या गल्लीकडं चालू लागल्या. पायी चालणाऱ्याला आधी वाट आणि वाहनं मागून, हे चैत्रालीनंच मशीनला शिकवलं होतं. पट्ट्यांवर माणूस दिसताच त्यानं चारही रस्ते लाल करून धरले. नलूबाईंनी काही घाई केली नाही. सगळं भोर थांबून त्यांना जाताना बघत राहिलं, आणि गंगाधररावांना स्वतःची अशी शरम वाटली की काच वर करायचीही हिंमत होईना.

संध्याकाळी चैत्राली नाचतच घरी आली. "बाबा, पहिले धन्यवाद आपल्याच स्कूटरला! पुण्याहून साहेबांचा फोन आला, म्हणाले प्रयोग चालू ठेवा." मग ताट वाढता वाढता तिनं सहज विचारलं, "मागं कोण होतं?"

"पाहुण्या."

"कुणाच्या?"

"आपल्याच."

चैत्राली वडिलांकडं बघत राहिली. जणू आणखी काही ऐकायला ती थांबली होती. "बरं," ती शेवटी म्हणाली आणि तिनं त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात फ्लेक्स लागला. पप्पूशेठ मित्र मंडळानं तो आपल्या खर्चानं लावला होता. मधोमध काळ्या गॉगलमध्ये मोबाईलवर बोलणारा पप्पू, कोपऱ्यात पासपोर्टएवढी स्कूटर, तिच्यावर हेल्मेटं घातलेली दोन माणसं, आणि खाली ठळक अक्षरांत: 'चौकातील पहिले हेल्मेटधारी श्री. गंगाधर आपटे व त्यांच्या पुण्याच्या पाहुण्या यांचे हार्दिक अभिनंदन!'

"पप्पू!" गंगाधरराव कळवळले. "अरे, त्या कोण होत्या ते तू डोळ्यांनी बघितलंस ना?"

"बगितलं की. समद्यांनीच बगितलं," पप्पू म्हणाला. "पर तुमी चारचौगांत पाव्हण्या म्हनला. मोट्या मानसाचा शबुद खाली पाडायचा व्हय? आमी समद्यांनी ठरवलं, काका म्हनत्यात तर पाव्हण्याच."

गावानं त्यांचा मान राखला होता. गंगाधररावांना आयुष्यात कुठल्याही अपमानाची इतकी लाज वाटली नव्हती.

ते नलूबाईंच्या दारात गेले. दार उघडलं, पण अर्धंच.

"फ्लेक्स वाचला," नलूबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, म्हणून तो जास्त लागला. "गावाची सिस्टर म्हणून सगळा जन्म काढला, त्याचं मला कौतुकच वाटलं. पण तुमची पाहुणी म्हणून मी उरलेले दिवस काढणार नाही. लेकीला सांगायची हिंमत होईना, इथवर मी समजून घेतलं. तुम्ही तर मला ओळख दाखवायलासुद्धा लाजलात."

"चुकलो," गंगाधरराव म्हणाले.

"माझ्या उंबऱ्यात म्हणून काय उपयोग? जिथं म्हणालात तिथं फिरवा. तोवर रक्तदाब दुसरीकडं मोजून घ्या." दार लागलं.

गंगाधरराव घरी आले. माळ्यावर हद्दीच्या दगडांवर खुणा करायच्या काळ्या रंगाचा डबा होता, तो त्यांनी काढला, ब्रश घेतला, पट्टी घेतली. आनंदरावांच्या दुकानातलं स्टूल न विचारता उचललं आणि तरातरा चौकात आले. फ्लेक्स सिग्नलच्याच खांबाला बांधलेला होता. तिथवर हात पोचायचा तर स्टूल झेब्रा पट्ट्यांवर ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्यांनी ते ठेवलं, हलत नाही ना ते बघितलं, आणि वर चढले. सकाळी स्कूटरवर बसताना घातलेलं हेल्मेट अजून डोक्यावर तसंच होतं, काढायचं भान राहिलं नव्हतं. आता त्यांनी काच तेवढी वर केली.

मशीनला दिसलं, पट्ट्यांवर एक म्हातारा माणूस आहे आणि तो पलीकडं गेलेला नाही. त्यानं चारही रस्ते लाल केले आणि वाट बघू लागलं.

गंगाधररावांनी आधी पट्टी लावून 'त्यांच्या पुण्याच्या पाहुण्या' या शब्दांवर एक सरळ रेघ मारली. अशी रेघ त्यांनी हद्दीच्या नकाशांवरही कधी मारली नसेल. इकडं चारही बाजूंना हॉर्न सुरू झाले. कापूरहोळची एसटी अडली, दुधाचे कॅन अडले.

"काका, उतरा की वो!" पप्पू टेम्पोतून ओरडला. "तुमच्यापायी समदा गाव खोळंबलाय!"

"खोळंबू दे," गंगाधरराव म्हणाले. "गावासमोरच लिहायचंय."

त्यांनी ब्रश बुडवला आणि एकेक अक्षर काढायला सुरुवात केली. गर्दीला नाहीतरी काही काम नव्हतं, तिनं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. "न… लि… नी…" भामाबाईच्या शेळ्या विकल्या गेल्या नव्हत्या, त्या घेऊन ती पुन्हा कडेलाच उभी होती. ती आनंदरावांना म्हणाली, "काय लिवत्यात वो? मला वाचून दावा." आनंदराव वाचू लागले तसतसे हॉर्न एकेक करून बंद पडत गेले. शेवटचा बंद झाला तो एसटीचा.

फ्लेक्सवर आता होतं: 'श्री. गंगाधर आपटे व नलिनी जोग यांचे हार्दिक अभिनंदन!' आणि त्याखाली: 'आमचं लग्न ठरलय.'

"'ठरलंय'वर टिंब राहिलं," खालून आवाज आला.

एवढा गोंगाट एकाएकी थांबला कसा, ते बघायला नलूबाई गल्लीतून बाहेर आल्या होत्या. त्या स्टुलापाशी उभ्या होत्या. डोळे ओले होते आणि तरीही त्या टिंब शोधत होत्या. गंगाधररावांनी मुकाट्यानं टिंब दिलं. नलूबाईंनी स्टूल दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

गंगाधररावांच्या खिशातला मोबाईल वाजू लागला. चौक असा अडला की चैत्रालीच्या खोलीत घंटा वाजते, आणि एक बटण दाबलं की ती सगळे रस्ते मोकळे करू शकते, हे त्यांना ठाऊक होतं. तिनं बटण दाबलं नव्हतं. तिनं फोन केला होता. त्यांचे दोन्ही हात रंगानं काळे झालेले. नलूबाईंनी त्यांच्या खिशातून फोन काढला, सवयीनं स्पीकर लावला आणि म्हणाल्या, "हॅलो, मी नलू बोलतेय."

"काकू," चैत्राली म्हणाली, "बाबांना वाटतं कॅमेरे उद्घाटनापासून चालू झाले. ते खांबांवर बसवले त्याच दिवसापासून चालू आहेत. मशीनला शिकवायला रोजची चित्रं मीच एकेक करून बघत होते. रोज अकराला तुम्ही दोघं. आई गेल्यापासून बाबांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. म्हणून काही विचारलं नाही. विचारलं असतं तर ते जायचेच थांबले असते. मी रोज वाट बघायचे, आज सांगतील, उद्या सांगतील. मग काल ती काळी हेल्मेटं आली, आणि ते हसतायत का नाही हेसुद्धा मला दिसेनासं झालं."

स्टुलावर उभ्या उभ्या गंगाधररावांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. त्यांनी ते पुसलं, तर सगळ्या गालाला काळा रंग लागला.

"काकू, आधी त्यांना खाली उतरवा," चैत्राली नाक ओढत म्हणाली. "या वयात स्टुलावर चढतात! पडले-बिडले तर मला एकच बाप आहे."

नलूबाईंनी फोन कमरेला खोचला आणि हात वर केला.

"उतरा आता," त्या म्हणाल्या, "आपली लेक खोळंबलीय."